हळू बोला, त्याला ऐकू येतंय

आमच्या हिच्या मामांनी उभ्या हयातीत एकाही माणसाला पहिल्या झटक्यात मेलेलं म्हणून मान्य केलं नाही. डॉक्टर म्हणोत, वैद्य म्हणोत, मयताचे चार मुलगे हंबरडा फोडोत, मामा आपले दारात उभे राहून म्हणणार, "थांबा. एवढी घाई कसली?" नागावात त्या काळी कोणी गेलं, की घरच्यांपुढे पहिला प्रश्न असायचा तो मामांच्या कानावर न जाता बांबू कसे आणायचे हा. उपयोग व्हायचा नाही. बांबूंच्या आधी मामा यायचे. बटणं न लावलेला कोट, कोटाच्या एका खिशात दाढीचा आरसा, दुसऱ्यात बॅटरी, आणि हातात साखळीचं घड्याळ. आले की सरळ आत. आरसा नाकाशी धरायचा, पापणी वर करून बॅटरी मारायची, छातीला कान लावायचा, आणि मग घड्याळ समोर ठेवून अर्धा तास मांडी घालून बसायचं. भटजी ताटकळत, खांदेकरी ताटकळत, बायका रडून रडून दमलेल्या. अर्ध्या तासाने मामा उठून जाहीर करायचे, "ठीक आहे. न्या." जसा काही ह्यांचा शिक्का बसल्याशिवाय तो बिचारा निघणारच नव्हता! एवढं होऊनही गावाने त्यांना कधी हाकलून दिलं नाही, आणि ह्याचं मला आजही नवल वाटतं.

अर्धा तास बसण्याचं एक वेळ चालवून घेता येईल. खरा छळ पुढेच. त्या अर्ध्या तासात मयताजवळ कोणी वेडंवाकडं बोललेलं मामांना खपत नसे. माणूस गेल्यावर घरात काय बोलणी होतात तुम्हाला ठाऊक आहे. कोणाला दागिना आठवतो, कोणाला जुना अपमान. आमच्या आळीतले एक म्हातारे गेले, तेव्हा त्यांच्या दोन मुलांची उशा-पायथ्याशी बसूनच विहिरीकडच्या माडांवरून जुंपली. मामा छातीवरचा कान न काढता म्हणाले, "हळू बोला. त्याला ऐकू येतंय." झालं! थोरल्याचा चेहरा जो पांढराफटक पडला, तो बापाकडे तोंड करून हात जोडून मोठ्यांदा म्हणाला, "विहिरीकडचे माड धाकट्यालाच, बाबा. काळजी करू नका." चार माणसांसमोर बोललेलं, त्यामुळे पुढे मागे घेता येईना. तो थोरला मरेपर्यंत मामांशी बोलत नव्हता. मामांचं मात्र एकच, "मी काय खोटं बोललो? ऐकू येत नव्हतं कशावरून?" आणि एवढं सगळं झाल्यावर ते स्वतः मयताच्या कानाला लागून काहीतरी कुजबुजत. काय, ते मी एकदा मुद्दाम जवळ जाऊन ऐकलं. "घाबरू नका. आम्ही सगळे इथेच आहोत. तुम्हाला एकट्याला सोडलेलं नाही." मी सरकारी कचेरीतला कारकून, असल्या गोष्टींना हसणारा माणूस. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही, हे खरं.

ह्या विक्षिप्तपणाचं मूळ घोड्यांत होतं. मामा तरुणपणी मुंबईला सर्पदंशावरचं औषध तयार करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होते. तिथे घोड्यांना सापाचं विष अगदी थोडंथोडं टोचतात, घोड्याचं रक्त त्या विषाशी झगडायला शिकतं, आणि त्या रक्तातून औषध काढतात. मामा आधी ते घोडे सांभाळत, मग हुशारी पाहून त्यांना आत प्रयोगशाळेत घेतलं. तिथल्या साहेबलोकांची मासिकं वाचून वाचून त्यांनी विषाचा एवढा अभ्यास केला, की डॉक्टर त्यांच्याशी बोलताना खुर्चीत नीट बसत. माणसांची नावं मामांच्या लक्षात राहत नसत, पण पंचवीस वर्षांतले घोडे तोंडपाठ. त्यात एक करडी घोडी होती, तिचं नाव त्यांनीच ठेवलेलं, लेडीसाब. ती म्हणे कोणापुढे मान खाली घालत नसे, पण सुई टोचताना मामांच्या खांद्यावर हनुवटी ठेवायची. नोकरी अर्धी टाकून मामा नागावला परत आले, ते एक ट्रंकभर वह्या आणि ह्या घोड्यांच्या आठवणी घेऊन.

विष काय करतं हे मामा कोणालाही समजावून सांगत, विचारो न विचारो. त्यासाठी त्यांना एक कुलूप लागे, आणि ते कधीच स्वतःचं नसे. "हे बघा जावईबापू," ते मला म्हणत, आणि माझ्या ट्रंकेचं कुलूप हातात घेत. "मेंदूचा निरोप नसेतून येतो. नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये केसाएवढी फट असते. नसेच्या टोकातून रसायनाचा एक थेंब सुटतो, फट ओलांडतो, आणि स्नायूवर जी कुलपं असतात, साहेब त्यांना रिसेप्टर म्हणतात, त्या कुलपात चावीसारखा बसतो. कुलूप उघडलं, स्नायू हलला. नागाचं विष काय करतं? त्या कुलपात खोटी चावी घालून मोडून ठेवतं." असं म्हणून त्यांनी खरोखरीच मेण आणि काडी माझ्या कुलपात कोंबली. "आणि मण्यार त्याहून हरामखोर. ती कुलपं तर भरतेच, शिवाय जिथे चाव्या घडवतात तो कारखानाच बंद पाडते. मग निरोप येतोय, येतोय, आणि पापणी उघडत नाही. जीभ हलत नाही. शेवटी छातीचा भाता थांबतो. पण आत? कान शाबूत. मन शाबूत. सगळं कळतंय, घराला बाहेरून कुलूप!" व्याख्यान फारच सुंदर झालं. ट्रंकेत माझी कचेरीची विजार आणि कोट होता. सोमवारी मी मामांचं धोतर नेसून अलिबागला कामावर गेलो आणि साहेबाने मला सत्यनारायणाला आलेला भटजी समजून नमस्कार केला.

नमस्काराचं निघालं म्हणून सांगतो, मामा कोणाला नमस्कार करतच नसत. समोर माणूस आला की म्हणत, "वर बघा. डोळे गच्च मिटा. उघडा. जीभ काढा." मण्यार चावली की दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणसुद्धा धड दिसत नाही, सकाळी उठल्यावर पोटात कळा येतात आणि पापण्या जड होतात एवढंच, म्हणून मामांना साऱ्या गावाच्या पापण्यांवर पहारा ठेवावा लागे. कीर्तनात डुलकी लागायची सोय नव्हती. आमच्या लग्नात तर कहर झाला. पहाटेपासूनच्या विधींनी ही बिचारी पेंगुळलेली, अंतरपाटाच्या पलीकडे उभी राहून जांभई दिली. मामा पाठीशी उभे. त्यांनी तिथल्या तिथे बॅटरी काढून भाचीची पापणी वर केली! मंगलाष्टकं थांबली. माझ्या आईने मला विचारलं, "अरे, मुलीला फेफरं-बिफरं येतं का? आधी का नाही बोलले?" मुहूर्ताला चार मिनिटं उरली असताना मामांनी निकाल दिला, "झोप आहे. चालू द्या." त्यानंतर आमच्या संसारात ही कधी माझ्यासमोर जांभई देत नाही, पदर घेते.

आणि कवायत! ती तर विसरूच शकत नाही. दंश झालेल्याचा श्वास थांबला, तर दुसऱ्यांनी तो चालू ठेवायचा. पालथं निजवायचं, पाठ दाबायची, कोपरं उचलायची, पुन्हा पाठ दाबायची, मिनिटाला दहा-बारा वेळा, विषाचा जोर ओसरेपर्यंत. एक दिवस लागो, दोन लागोत. मामांनी आळीतल्या माणसांची पाळीपाळीची यादी केली होती, आणि पालथं निजायचं काम कायम माझं. ही मामांकडेच वाढलेली, म्हणून मामांचं घर हीच माझी सासुरवाडी. सासुरवाडीला जावई जातो तो आंबोळ्या खायला; मी ओटीवर तोंड जमिनीला लावून पडलेला, आणि पाठीवर आळीतले झाडून सगळे गृहस्थ एकेक करून. कोणाला ताल जमेल तर शपथ. एक दाबता दाबता गप्पा मारायचा, दुसरा मध्येच तपकीर ओढायचा, माणूस बदलताना दर वेळी खोळंबा. मामा घड्याळ हातात घेऊन ओरडायचे, "मेला! जावई मेला तुमच्यामुळे!" ही आतून म्हणायची, "मामा, काहीतरी बोलू नका हो!" सात वर्षं ही कवायत चालली आणि आमच्या आळीला एकदाही सलग दहा मिनिटं श्वास चालू ठेवता आला नाही.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, आणि पुष्कळ वर्षं हसतच होतो. मग एकदा हिने मला मामींची गोष्ट सांगितली, आणि माझं हसणं थांबलं. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीचे गणपती. मामा मुंबईहून रजेवर आलेले, घरात पाहुणे मावत नव्हते, मोदकांची उकड व्हायची होती, आणि मामी सकाळी पोट दुखतं म्हणून मधल्या खोलीत निजल्या त्या उठेचनात. डोळे उघडत नव्हत्या, हाकेला ओ देत नव्हत्या. मामा दोनदा आत जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा पाहुण्यांसमोर लाज वाटून म्हणाले, "पुरे झालं सोंग. सणासुदीला माझी शोभा करायची ठरवलीयस का? ऊठ." आणि दार ओढून बाहेर आले. दुपारी नैवेद्याचं ताट वाढलं तेव्हा मामी गेलेल्या होत्या. संध्याकाळी गादी झाडताना मण्यार निघाली. ज्या माणसाने सापाच्या विषात अर्धं आयुष्य घालवलं, त्याला घरातल्या मिटलेल्या पापण्या ओळखता आल्या नाहीत. तोवर त्याने विष पाहिलेलं होतं ते बाटल्यांत आणि घोड्यांत. ही तेव्हा दहा वर्षांची. मामा दार ओढून गेल्यावर ती मामींच्या उशाशी बसली होती. "त्यांच्या मिटल्या डोळ्यातून पाणी आलं," ती मला म्हणाली. "मी पुसलं. आजतागायत मामांना सांगितलेलं नाही. तुम्हीही कधी बोलायचं नाही." मी नाही बोललो. पण त्या दिवसापासून मला मामांच्या प्रत्येक चाळ्यामागे एकच प्रश्न दिसू लागला, तिला ऐकू आलं असेल का? विज्ञान त्यांना सांगत होतं, आलं असणार. सगळ्या गावाला ते सांगत, ऐकू येतंय, ऐकू येतंय. आणि सांगताना कोणीतरी उठून "छे हो, काही ऐकू येत नाही" असं शाबीत करील, म्हणून वाट बघत असावेत, असं मला वाटतं.

चीनच्या लढाईनंतरचा पावसाळा. मी रजा घेऊन नागावला होतो. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, कोळीवाड्यातले सगळे पुरुष घरी जाळी विणत बसलेले. सकाळी नवाच्या सुमारास एक कोळी धावत आमच्या ओटीवर आला. "मामा, आमची हिरू उठत न्हाय. डोला उघरत न्हाय तिचा!" हिरू म्हणजे त्याची बायको, वीस-बावीस वर्षांची, आमच्या आळीत मासळीची टोपली घेऊन यायची. मामा अनवाणी निघाले, मी मागे. घरात पोरगी चटईवर पडलेली, आणि सासू कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगतेय, "सकालपासून सोंगा करतेय. कामाचा नाव काढला का परली!"

मामांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा पाहिला नाही. एवढा मवाळ माणूस, त्या बाईवर असा ओरडला की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. "तोंड बंद करा! तिला ऐकू येतंय!" मग पापण्या पाहिल्या, आणि मला म्हणाले, "जावईबापू, सायकल काढा. अलिबागहून डॉक्टर आणि सिरम. मण्यार आहे." मी भर पावसात कसा गेलो आणि कसा आलो, माझं मला माहीत. डॉक्टर मोटारीतून पुढे आले. त्यांनी औषध टोचलं आणि बाजूला होऊन मामांना म्हणाले, "रक्तात आहे ते विष हे पकडील. नसांवर जाऊन बसलंय, ते बसलंय. श्वास तुम्हालाच चालवावा लागेल. आमच्याकडे तरी दुसरं काय आहे? हलवू नका." श्वास तोवर थांबतच आला होता.

आणि मग मी जे पाहिलं, ते सात वर्षं त्या ओटीवर पालथं पडूनही मला दिसलं नव्हतं. मामांनी सवयीने घड्याळ काढलं, तसा कोळीवाड्यातला म्हातारा तांडेल, होडीवरचा म्होरक्या, म्हणाला, "मामा, घड्याल ठेवा खिशात. ह्यो आमचा काम हाय." होडी वल्हवताना माणूस दमला, की दुसरा शेजारी बसतो, त्याच्याबरोबर दोन वेळा वल्हं ओढतो, आणि मग पहिला हात काढतो. वल्हं क्षणभर थांबत नाही. लहानपणापासून हाडात मुरलेलं. त्यांनी हिरूला पालथं निजवलं आणि तिचा श्वास तसा ओढायला घेतला. माणूस बदलायचा, ताल बदलायचा नाही. पुरुष दमले की बायका बसायच्या. ती सासूसुद्धा बसली, तोंडाने अक्षर न काढता, डोळ्यांना धार लागलेली. सगळा दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. आणि ह्या सगळ्या वेळात मामा हिरूच्या कानाशी. तोंडाची टकळी बंद नाही. "घाबरू नकोस, पोरी. कोणी सोडत नाही तुला. आता तांडेल बसलाय. आता तुझी नणंद." सांगायचं संपलं, तेव्हा पाढे म्हणाले. पाढे संपले, तेव्हा घोड्यांची नावं, एकेकाच्या खोडीसकट. पहाटेच्या सुमाराला मी पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते पण मला काही ऐकू येत नव्हतं. ते तिच्या कानात फार हळू काहीतरी सांगत होते, आणि मध्येच थांबून धोतराच्या सोग्याने नाक पुसत होते. मी तिकडून नजर वळवली. दुपारी तांडेलच्या हाताखाली ती पाठ आपली आपण उचलली गेली. "थांबा!" तो म्हणाला. "ह्यो हिना घेतला. हिचा हिनाच घेतला!" सगळा कोळीवाडा रडत होता. मामा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपी गेले.

आता माझं ऐका. तीन दिवसांनी हिरू बोलायला लागली असं कळलं, तसा मी मामांच्या आधी कोळीवाड्यात गेलो. मला ठाऊक होतं मामा तिला काय विचारणार, आणि तिचं उत्तर त्यांचं काय करील. ती पेज पीत बसली होती. मी विचारलं, "पडली होतीस तेव्हा ऐकू येत होतं?"

"सगला," ती म्हणाली. "पयल्यापासून सगला आयकला मी, दादा."

"हे बघ, मामांना सांगू नकोस. झोप लागली होती म्हण. त्यांना फार त्रास होईल."

तिने वाटी खाली ठेवली. "मना म्हाईत हाय कशाचा. त्यांनी मामीचा सांगितला मना. कानात." मग म्हणाली, "पन दादा, मना त्यांना येक सांगाचा हाय..."

"काही सांगायचं नाही," मी तिला अर्ध्यात तोडलं. मी शिकलेला, कचेरीत अर्जांवर शेरे मारणारा. माणसाचं भलं कशात आहे हे मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं! तिने मान डोलावली. संध्याकाळी मामा आले, चटईच्या टोकाला बसले, आणि विचारलं, "हिरू, तुला... काही ऐकू येत होतं का गं?" तिने माझ्याकडे पाहिलं. "न्हाय मामा. झोप लागलेली मना." मामा म्हणाले, "काहीच नाही? पाढे? घोडे?" "न्हाय." मामांनी चटईची कड उगाच सरळ केली. मग हसले. इतक्या वर्षांत त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. घरी येताना रस्ताभर बोलत होते, "माझा सिद्धांतच चुकला म्हणायचा, जावईबापू! एवढी वर्षं लोकांना उगाच छळलं. मेंदूलाही झोप येत असणार, बरोबर आहे, प्राणवायू कमी पडतो." त्या रात्री त्यांनी दोन वेळा भात मागून घेतला. आरसा आणि बॅटरी कोनाड्यात गेली. मयताला गेलेच तर मागे उभे राहत. गाव म्हणालं, मामा शहाणे झाले. मला मात्र माझ्याच हुशारीचा फार अभिमान वाटला.

दोन वर्षं हे सुख टिकलं. एका संध्याकाळी आम्ही दोघे समुद्राकडून परत येत होतो. कोळीवाड्याच्या कडेला हिरूची शेळी कोणाच्या तरी सुकत घातलेल्या बोंबलांत शिरली होती, आणि हिरू पाठमोरी उभी राहून तिला हाका मारत होती, "ये गो लेडीसाब! लेडीसाब, हाड तिथना!" मामा थांबले. ते नाव त्या गावात कोणी उच्चारलेलं नव्हतं. आमच्या घराबाहेर ते एकाच कानात गेलं होतं, त्या पहाटेच्या आधी, घोड्यांच्या यादीत.  मामांनी त्या शेळीकडे नीट पाहून घेतलं. "मुलगी चांगली आहे," ते म्हणाले. "खोटं बोलते, पण चांगली आहे."  घरी आल्यावर हातपाय धुऊन मधल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ते मला विषाबद्दल कधी काही बोलले नाहीत. कुलूप मागितलं नाही. ओटीवर बसून राहायचे, आणि कोणी हाक मारली तर दचकून म्हणायचे, "ऐकतोय, ऐकतोय." हिरू आठवड्यातून एकदा येऊन ओटीच्या पायरीवर बसायची. मामा विचारायचे, "काय गं, शेळी बरी आहे ना?" ती म्हणायची, "बरी हाय." एवढंच. तिने माझं सांगणं मोडलं नाही, त्यांनी तिचं खोटं मोडलं नाही, आणि मी त्या दोघांच्या मध्ये पेपर वाचत बसलेला असायचो. बघवायचं नाही हो. पण काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती.

मामा गेले ते त्यानंतर चार वर्षांनी, काहीही न चावता, साध्या म्हातारपणाने, सुपारी उतरवण्याच्या दिवसांत. सकाळी गेले. मी डॉक्टरला बोलावलं, त्याने बघितलं, बांबू आले, आणि तासाभरात सगळी तयारी झाली. इतक्या भराभर आमच्या आळीत कोणाचंच कधी उरकलं नव्हतं, कारण थांबवणाराच आडवा पडलेला. खांदेकरी वाकले, तेवढ्यात दारातून आवाज आला, "थांबा! यवरी घाय कसली?" हिरू. डोक्यावर मासळीची टोपली तशीच. ती टोपली तिने तुळशीपाशी ठेवली, सरळ आत आली आणि मामांच्या डोक्याशी बसून त्यांच्या कानाला तोंड लावलं. भटजी चुळबुळले. ही म्हणाली, "बोलू दे तिला." कोळणीला हळू बोलता येत नाही, त्यामुळे ती कानात बोलली ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"मामा, मी खोटा बोलले. सगला आयकू येत व्हता मना. सासू सोंग बोलली, ता पन आयकला. पन राग न्हाय आला, मामा. तवा राग येतच न्हाय. आत लय कालोख असतो. कुनी बोलला, का बरा वाटता. शिवी दिली तरी बरा वाटता, आपला मानूस हाय बाजूला म्हनून. तुमी दार लावून गेलात ना, तवा मामीला तुमचा राग न्हाय आला. तुमी परत बोलाला यावा, येवराच वाटला असल. मना म्हाईत हाय. मी जाऊन आलेय तिथं."

हे ती त्यांना सांगणार होती. त्या दिवशी, पेजेची वाटी खाली ठेवून, हेच. साऱ्या दुनियेत हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्याला मी गप्प बसवलं होतं. मामांना सहा वर्षं पुरलं असतं एवढं औषध माझ्या एका वाक्याने बाटलीत राहिलं.  हिने माझ्याकडे पाहिलं.

मग मी कोनाड्यातून मामांचं घड्याळ आणलं, किल्ली दिली आणि त्यांच्या उशाशी मांडी घालून बसलो. कोणीतरी मागून म्हणालं, "अहो, ऊन चढतंय, आणि बोलायचं काय ते बोलून झालं ना." मी म्हटलं, "अर्धा तास." पलीकडे हिरू बसलेली, दाराशी ही. अर्धा तास झाला तेव्हा मी घड्याळ मिटून उठलो आणि म्हटलं, "ठीक आहे. न्या." पण ते मी अगदी हळू आवाजात म्हटलं.